दारूला वेळेचं कुंपण

 

आज दारूविषयी बोलायचं आहे. "दारू वाईट, दारू सोडा" हे तुम्ही पुष्कळ वेळा ऐकलं आहे. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी गावोगाव कीर्तनं केली. लोकांना प्रश्न विचारून विचारून दारूचं नुकसान त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेतली आणि व्यसन सोडा म्हणून सांगितलं. त्या थोर माणसांपेक्षा जास्त मी काय सांगणार?

म्हणून आज मी दारू सोडा एवढंच सांगायला उभा नाही. मी एक निराळा प्रश्न विचारतो.

गावातलं दारूचं दुकान किती वाजता बंद व्हावं?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? कोणी म्हणेल, "पेणारा पेतेच, जी. दुकान लवकर बंद करून का फरक पडते?" बोलणं खरं वाटतं. पण ते पुरतं खरं नाही. फरक पडतो. किती पडतो आणि कसा पडतो, ते आज पाहू.

शेताला आपण कुंपण घालतो. कुंपण घातलं म्हणून रानातली डुकरं मरत नाहीत. ती रानात राहतातच. पण पीक वाचतं. दुकानाची वेळ कमी करणं हे असंच कुंपण आहे. त्यानं दारू संपत नाही. पण माणसं वाचतात, डोकी फुटायची वाचतात.

भांडण कोणत्या वेळी होतं?

जरा आठवून पाहा. गावात दारूपायी भांडणं होतात, ती कधी होतात? सकाळी होतात का? क्वचित. दुपारी? थोडी. बहुतेक भांडणं दिवस मावळल्यावर होतात. बाजाराच्या दिवशी जास्त होतात. मजुरीचा पैसा हातात आला त्या दिवशी होतात. होळीत होतात. लग्नाच्या वरातीत होतात.

असं का? त्याची चार कारणं आहेत.

पहिलं कारण शरीराचं. पोटात गेलेली दारू शरीर हळूहळू जाळतं. हे काम आपलं काळीज, म्हणजे यकृत, करतं. त्याचा वेग ठरलेला असतो. साधारण एक लहान पेग जिरवायला त्याला एक तास लागतो. माणूस तासाला तीन-तीन पेग प्याला, तर यकृत मागं पडतं आणि दारू रक्तात साचत जाते. दुकान जितका उशीर उघडं, तितकी ती जास्त साचते. थंड पाण्यानं आंघोळ करून ती उतरत नाही, लिंबू पिऊनही उतरत नाही. फक्त वेळ गेल्यानं उतरते.

साचलेली दारू काय करते? बैलाचा कासरा असतो ना, तसा माणसाच्या रागालाही कासरा असतो. "जाऊ दे, सोडून दे" असं आपलं मन आपल्याला सांगतं. दारू हा कासरा सैल करते. मग शब्दाला शब्द लागतो. हात उचलला जातो. हातात काठी असली तर काठी, कुऱ्हाड असली तर कुऱ्हाड.

दुसरं कारण अंधाराचं. रात्र झाली की शुद्धीवरची माणसं घरी जाऊन झोपतात. दुकानापाशी उरतात ते सगळे प्यालेले. भांडण सोडवायला कोणी नसतं.

तिसरं कारण गर्दीचं. उशिरा दुकान बंद होतं तेव्हा सगळे झिंगलेले एकदम रस्त्यावर येतात. धक्का लागतो. जुनी उधारी आठवते. बांधाचा जुना वाद आठवतो.

चौथं कारण अंतराचं. आपला मुलूख पहाडाचा. रात्री कोणाचं डोकं फुटलं, तर गाडी मिळायची मारामार. मोठा दवाखाना लागला तर घाट उतरून परतवाडा, अचलपूर, नाहीतर अमरावती गाठावी लागते. दिवसा जो माणूस वाचला असता, तो रात्री वाटेतच जातो.

एका दूरच्या गावाची गोष्ट

आता एक गोष्ट ऐका. ही गोष्ट खरी आहे. मात्र ती फार दूरची आहे. ब्राझील नावाचा देश आहे. समुद्रापलीकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. तिथं साओ पावलो नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या कडेला डियाडेमा नावाचं कामगारांचं गाव आहे. गाव म्हणजे लहान नव्हे, साडेतीन लाखांवर वस्ती. कारखान्यात राबणारी गरीब माणसं. गल्लोगल्ली दारूचे गुत्ते, आणि ते रात्रभर उघडे.

१९९९ साली त्या गावात इतके खून व्हायचे, की सगळ्या ब्राझीलमध्ये त्याचं नाव बदनाम होतं. दर लाख माणसांमागं वर्षाला शंभरावर खून. लोक संध्याकाळी घराबाहेर पडायला भ्यायचे.

तिथल्या नगरपालिकेनं एक साधं काम केलं. खून कोणत्या वेळी होतात, याची नोंद तपासली. तेव्हा कळलं, की शंभरातले साठ खून रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात होतात. बहुतेक गुत्त्यात, नाहीतर गुत्त्याच्या आसपास.

मग त्यांनी कायदा केला. जुलै २००२ पासून रात्री ११ ते सकाळी ६ गुत्ते बंद. दारू बंद केली नाही. गुत्तेही कायमचे बंद केले नाहीत. फक्त ते सात तास बंद.

आधी त्यांनी गुत्त्यांच्या मालकांना भेटून समजावलं. लोकांना सांगितलं. मग रोज रात्री गस्त सुरू केली. जो ऐकेना त्याला आधी ताकीद, मग दंड, मग परवाना रद्द.

काय झालं? महिन्याला साधारण नऊ खून कमी झाले. तीन वर्षांचा हिशेब केला, तेव्हा तीनशेच्या वर माणसं वाचली असा अंदाज निघाला.

तुम्ही म्हणाल, खून कमी व्हायला दुसरीही कारणं असतील. बरोबर आहे. पोलिसांचंही काम त्या वेळी सुधारत होतं. पण हिशेब करणाऱ्यांनी ती दुसरी कारणं बाजूला काढून पाहिली. तरी वेळेच्या कायद्याचा गुण वेगळा दिसला.

तीनशे माणसं म्हणजे किती? आपल्या पहाडातला एखादा ढाना सगळा मिळून तीनशेचा असतो. तेवढी माणसं एका घड्याळानं वाचली.

एक तासाचा हिशेब

ब्राझील गरीब मजुरांचा मुलूख. आता श्रीमंत देशात काय झालं ते पाहू.

ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल नावाचं बंदराचं शहर आहे. तिथं शहराच्या मध्यभागी १४ दारूची ठिकाणं पहाटे ५ पर्यंत उघडी राहत. रोज रात्री मारामाऱ्या. मार्च २००८ मध्ये हुकूम निघाला, की ही ठिकाणं पहाटे ३ ला बंद व्हावीत. पुढं ती वेळ साडेतीन केली. म्हणजे फक्त दीड तास कमी. तेवढ्यानं रात्रीच्या मारामाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त उतरल्या. तीन होत होत्या तिथं दोन राहिल्या, असं समजा.

लोकांना वाटलं होतं, इथलं भांडण शेजारच्या भागात जाईल. तसं झालं नाही. शेजारच्या भागातल्या मारामाऱ्या वाढल्या नाहीत. भांडण म्हणजे नाल्याचं पाणी नव्हे, की इकडं अडवलं म्हणून तिकडं वाहील. बरीचशी भांडणं मुळात होतच नाहीत.

नॉर्वे नावाच्या देशात तर अठरा शहरांचा हिशेब मांडला. सन २००० ते २०१० या काळात कुठं बंद करायची वेळ थोडी वाढवली होती, कुठं थोडी कमी केली होती. तेव्हा दिसलं, की एक तास वाढवला तर शनिवार-रविवारच्या रात्रीच्या मारामाऱ्या शंभराच्या एकशे सोळा होतात. एक तास कमी केला तर त्याच मानानं कमी होतात.

एक तास! आपण म्हणतो, एका तासानं काय होतं? हे पाहा काय होतं.

आपल्या अनुभवातली गोष्ट

परदेशाचं सोडा. हे आपण आपल्या डोळ्यांनीही पाहिलं आहे. निवडणूक येते. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारूची दुकानं बंद ठेवावी लागतात. तसा कायदाच आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तो लिहिलेला आहे. का लिहिला? कारण सरकारला ठाऊक आहे, की दारू आणि गर्दी एकत्र आली की डोकी फुटतात. २ ऑक्टोबरला दुकान बंद असतं. २६ जानेवारीला, १५ ऑगस्टलाही बंद असतं.

म्हणजे वेळ पाहून दुकान बंद ठेवायचं, ही गोष्ट नवी नाही. पुढाऱ्यांच्या मतदानासाठी दुकान बंद राहू शकतं. मग आपल्या बाजाराच्या संध्याकाळी का राहू नये?

पुरती बंदी की वेळेची बंदी?

आता कोणी बाई विचारेल, "वेळ कशाले कमी करता? दुकानच उचला नं."

तिचं म्हणणं रास्त आहे. आपल्या विदर्भात तीन जिल्ह्यांनी ते करून पाहिलं आहे. वर्धा जिल्ह्यात गांधीजींचं सेवाग्राम आहे. तिथं १९७० नंतरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी आंदोलन केलं. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग त्यात होते. १९९३ साली तिथं बंदी झाली. चंद्रपूरला बायांनी मोठा लढा दिला. १ एप्रिल २०१५ पासून तिथं बंदी लागली. पण २०२१ साली राज्य सरकारनं चंद्रपूरची बंदी उठवली. चोरटी दारू वाढली, तिच्या धंद्यात बाया आणि पोरंही ओढली गेली, असं कारण सरकारनं दिलं.

यातून काय शिकायचं? बंदी वाईट, असं नव्हे. गडचिरोलीत बंदीच्या मागं गावं उभी राहिली, गावानं स्वतः राखण केली. जिथं राखण सैल पडते, तिथं पुढचं दार बंद होतं आणि मागचं उघडतं. कागदावरची बंदी राखण करत नाही. राखण गाव करतं.

ज्या गावाची तयारी असेल, त्यानं दुकान जरूर उचलावं. ज्याची तयारी आज नसेल, त्यानं हात बांधून बसू नये. त्यानं वेळ तरी कमी करावी. पूर्ण भाकर मिळत नसेल तर अर्धी घ्यावी. उपाशी का राहावं?

मोहाचं काय?

इथं आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आपल्या मेळघाटात मोहाचं झाड म्हणजे माय. फागुन-चैतात फुलं पडतात. ती वेचून वाळवून ठेवतात. उपासमारीच्या दिवसांत मोहानं किती घरं जगवली! कोरकू भावांच्या घरी जन्माला, लग्नाला, मरणाला, देवाला मोहाची लागते. तो रिवाज जुना आहे. त्याची कोणी थट्टा करू नये.

पण रिवाज वेगळा आणि रोजचं दुकान वेगळं. रिवाजात म्हातारी माणसं सोबत बसतात. कधी प्यायची, कोणी प्यायची, किती प्यायची, हे ठरलेलं असतं. म्हणजे रिवाजालाही वेळेचं कुंपण असतंच! दुकानाला ते नसतं. पैसा द्या, बाटली घ्या. देव नाही, सण नाही, म्हातारा नाही. रोजची मजुरी रोज संपते.

आणि पर्यटकांचं? चिखलदऱ्याला पावसाळ्यात धुकं पाहायला माणसं लोटतात. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. त्यांतले काही जण पिऊन गाडी चालवतात. पॉइंटवर बाटल्या फोडतात. जाणाऱ्या-येणाऱ्या बायांना त्रास होतो. पाहुणा आला तर आपण पाणी देऊ, भाकर देऊ. पण पाहुण्यासाठी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवायचं आणि त्याची किंमत आपल्या लेकीबाळींनी मोजायची, हे बरं नव्हे. वेळेचा नियम पाहुण्यालाही तोच हवा, गावकऱ्यालाही तोच हवा.

कायदा तुमच्या हातात काय देतो?

आता कान देऊन ऐका. ही कामाची गोष्ट आहे.

चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रासाठी १९९६ साली संसदेनं एक कायदा केला. त्याला 'पेसा' म्हणतात. त्यात लिहिलं आहे, की दारूची विक्री आणि दारूचं पिणं बंद करणं, त्यावर नियम घालणं किंवा त्याला मर्यादा घालणं, हा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला असावा. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ साली केले. शब्द नीट पाहा. 'बंद करणं' हा एक शब्द आहे. 'नियम घालणं' आणि 'मर्यादा घालणं' हेही शब्द आहेत. वेळ ही मर्यादाच आहे. म्हणून ग्रामसभेत वेळेचा ठराव मांडता येतो.

चिखलदरा शहरात नगरपरिषद आहे. तिथं ग्रामसभा नाही. पण तिथल्या बायांच्या हातात दुसरा कायदा आहे. २००८ सालच्या सरकारी आदेशानं वॉर्डातल्या किंवा गावातल्या शंभरातल्या २५ बायकांनी, म्हणजे महिला मतदारांनी, अर्ज केला की गुप्त मतदान घेता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद होतं. आलेल्या बायांपैकी निम्म्या नव्हे बरं का, यादीतल्या सगळ्या बायांपैकी निम्म्याहून जास्त. म्हणून एकीनंही घरी बसून चालत नाही.

तिसरी गोष्ट जिल्हाधिकाऱ्याची. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे. त्याच्या १४२ व्या कलमानं, शांतता राखण्यासाठी दारूचं दुकान काही काळ बंद ठेवण्याचा हुकूम जिल्हाधिकारी देऊ शकतात. बाजार, जत्रा, होळी, ३१ डिसेंबर, अशा दिवसांसाठी अर्ज करता येतो.

चौथी गोष्ट. २०१६ साली याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि गावाला ग्रामरक्षक दल करण्याची सोय मिळाली. चोरटी दारू दिसली की या दलानं पोलिसांना आणि उत्पादन शुल्क खात्याला कळवायचं. स्वतः कोणाला मारायचं नाही, कोणाचं घर फोडायचं नाही. कळवायचं.

कुंपणाला भोकं कुठं पडतात?

मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. वेळ कमी केली की सगळं आपोआप सुधारतं, असं नाही. कुंपणाला भोकं पडतात. ती आधीच ओळखून ठेवा.

एक भोक म्हणजे मागचं दार. पुढं कुलूप आणि मागं विक्री. एका रात्री मालकानं दिली, की उद्यापासून वेळेला अर्थ राहत नाही.

दुसरं भोक म्हणजे चोरटी दारू. ती स्वस्त असते, पण तिच्यात काय घातलं आहे ते कोणाला ठाऊक नसतं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. सगळी हातावर पोट असलेली माणसं होती.

तिसरं भोक म्हणजे घाईघाईनं पिणं. दुकान आठला बंद होणार म्हणून साडेसातला चार पेग एकदम घशात ओतणं. म्हणून बंद व्हायच्या आधी थोडा वेळ नवी बाटली देऊ नये, असं मालकाशी बोलून ठरवावं.

चौथं भोक सगळ्यांत वाईट. दुकान बंद झालं म्हणून बाटली घरी आणणं.

घरातली मारहाण

ही गोष्ट बायांसाठी आणि माणसांसाठीही आहे. वेळ कमी केल्यानं रस्त्यावरची भांडणं कमी होतात, याचा पुरावा पक्का आहे. घरातल्या मारहाणीविषयी तेवढा पक्का पुरावा नाही. डियाडेमातही बायकांवरचे हल्ले थोडे उतरलेले दिसले, पण खुनांसारखा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून एकट्या घड्याळावर विसंबू नका.

दारूचा आणि घरातल्या मारहाणीचा संबंध आहे, यात मात्र शंका नाही. २०१९ ते २०२१ या काळात सगळ्या देशात सरकारी पाहणी झाली. ज्यांचे नवरे नेहमी पिऊन तर्र होतात, अशा शंभर बायांपैकी सुमारे ७० बायांनी नवऱ्याचा मार किंवा जुलूम सोसला होता. ज्यांचे नवरे पीत नाहीत, अशा शंभरात तो आकडा २३ होता.

या दोन आकड्यांकडं नीट पाहा. दारूनं मार तिपटीनं वाढतो, हे एक. आणि न पिणारेही २३ जण मारतातच, हे दुसरं. म्हणजे सगळा दोष बाटलीवर ढकलता येत नाही. "मी शुद्धीत नव्हतो" हे कारण चालणार नाही. शुद्धीत नव्हता, तर मग सरपंचाला का नाही मारलं? पोलीसपाटलाला का नाही मारलं? घरी येऊन बायकोलाच का मारलं? हात कोणावर उचलायचा, हे प्यालेल्यालाही बरोबर कळतं.

म्हणून शेजाऱ्यांनी "नवरा-बायकोचं भांडण आहे" म्हणून दार लावून बसू नये. दोघं-चौघं मिळून जावं, हाक मारावी. ११२ या नंबरावर फोन केला की पोलीस येतात. १८१ हा बायांच्या मदतीचा नंबर आहे. २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. नवरा हाकलू शकत नाही.

एक वही करा

आता शेवटची गोष्ट. आणि ही गोष्ट तुम्ही आता लिहा-वाचायला शिकलात म्हणून सांगतो.

डियाडेमाच्या लोकांनी आधी काय केलं? भाषण केलं नाही. मोर्चा काढला नाही. आधी नोंद पाहिली. किती वाजता काय होतं, ते पाहिलं. तुम्हीही तेच करा.

बचत गटानं एक वही घ्यावी. तिच्यात चार रकाने आखावेत. पहिला वार आणि तारीख. दुसरा वेळ. तिसरा जागा. चौथ्यात काय झालं ते दोन शब्दांत. कोणाचं नाव लिहू नका. नाव लिहिलं की भांडण वाढतं, आणि बाईची अब्रू चव्हाट्यावर येते. नुसतं असं लिहा: "मंगळवार. रात्री ९. दुकानापुढे. मारामारी, एक जखमी." तीन महिने लिहा. मग मोजा. किती भांडणं दिवसा झाली, किती रात्री? बाजाराच्या दिवशी किती, एरवी किती?

मग दुकानदाराकडे जा. परवान्याच्या दुकानाला सरकारनं वेळ ठरवून दिलेली असते. ती विचारा आणि वहीत लिहून घ्या. ती तरी तो पाळतो का, ते पाहा. पुष्कळ ठिकाणी नवा नियम लागत नाही, जुनाच पाळायला लावला तरी अर्धं काम होतं. दुकानदार आपलाच गावकरी आहे. त्याला शत्रू समजू नका. त्याच्या दुकानापुढं खून झाला, तर त्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागते. हे त्याला गोडीत सांगा.

मग ग्रामसभेत ठराव मांडा. ठराव असा लिहिता येईल:

"आमच्या गावातील दारूच्या दुकानाची रात्रीची वेळ कमी करावी. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि होळीच्या दिवसांत दुकान बंद ठेवावे. कारण गेल्या तीन महिन्यांत गावात एवढी भांडणे झाली, त्यांतली एवढी भांडणे रात्री झाली. नोंदवही सोबत जोडली आहे."

'एवढी' या शब्दाच्या जागी वहीतला आकडा लिहा. खाली सह्या करा. अंगठा नको, सही करा! ठरावाची एक नक्कल तहसीलदाराला, एक उत्पादन शुल्क खात्याला, एक पोलीस ठाण्याला, एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या. प्रत्येकाकडून पोच घ्या. पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही-शिक्का. पोच नसेल तर कागद दिला आणि वाऱ्यावर सोडला, सारखंच.

ठराव झाला तरी वही बंद करू नका. पुढचे तीन महिने पुन्हा लिहा. भांडणं कमी झाली का? झाली असतील तर ग्रामसभेत वाचून दाखवा. लोकांचा विश्वास बसेल. झाली नसतील तर भोक कुठं आहे ते शोधा आणि बुजवा.

साहेबापुढं नुसतं "लई तरास होते, जी" असं म्हटलं, तर साहेब मान हलवतो आणि विसरतो. पण वही पुढं ठेवली, तारीख-वार दाखवला, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. तोंडचा शब्द हवेत उडतो. लिहिलेला शब्द उभा राहतो.

मंडळी, ध्यानात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. जास्त भांडणं रात्रीच्या तासांत होतात. ते तास कमी केले तर डोकी फुटायची कमी होतात. डियाडेमात झाली, न्यूकॅसलला झाली, नॉर्वेत झाली. कायद्यानं आपल्या ग्रामसभेला आणि आपल्या बायांना बळ दिलं आहे. पण राखण आपल्यालाच करावी लागते.

पुढच्या ग्रामसभेला नुसतं माणसांनी येऊ नये. बायांनीही यावं, आणि मागं नव्हे, पुढं बसावं. येताना वही आणावी.

राम राम.